कर्तव्यदक्ष म्हणजे नेमकं काय केलं?

दूरसंचारात तीस-पस्तीस वर्षं राबलेला माणूस गेला की शोकसंदेशाचे शब्द ठरलेले असतात. कुटुंबवत्सल, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख. त्यानंतर मागे कोण कोण आहे त्यांची नावं. या शब्दांत खोटं काही नसतं. तो खरंच मनमिळाऊ असेल, मुलांवर जीव टाकणारा असेल. पण हेच शब्द बँकेतल्या रोखपालाला, शाळेतल्या शिक्षकाला, बसच्या चालकाला जसेच्या तसे लागू पडतात. हा माणूस सकाळी घरातून निघून कुठे जायचा, हातात काय धरायचा, काय चुकलं की अस्वस्थ व्हायचा, यातलं काहीच वाचणाऱ्याला कळत नाही. जागेपणीचं निम्मं आयुष्य एका विशेषणात गुंडाळून ठेवलेलं असतं.

स्मरणलेखात काम तपशिलाने यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. ही जबाबदारी एकट्या कुटुंबावर टाकून भागणार नाही. ज्या संस्थेने त्याच्या रात्री वापरल्या, तिचाही त्यात वाटा आहे. आणि कामाचा तपशील नसेल तर ‘कुटुंबवत्सल’ हा शब्दही अर्धाच कळतो.

आधी ‘कर्तव्यदक्ष’ उघडून पाहू. केबल जॉइंटरचं, म्हणजे केबल जोडणाऱ्या कारागिराचं काम घ्या. रस्ता खोदणाऱ्या यंत्राने 400 जोड्यांची तांब्याची केबल तोडली, असं धरू. तुटलेली टोकं ओढून एकमेकांपर्यंत आणता येत नाहीत, म्हणून मध्ये नवा तुकडा टाकावा लागतो आणि एका तुटीचे दोन जॉइंट होतात. 400 जोड्या म्हणजे 800 तारा, म्हणजे दोन्ही जॉइंट मिळून 1,600 जोड. प्रत्येक जोडासाठी दोन तारांची टोकं जेलने भरलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कनेक्टरमध्ये पार आतपर्यंत सरकवायची, ती टेकली का ते पारदर्शक बाजूने बघायचं आणि मग पक्कडीने एकदाच, सरळ दाबायचं. हात बसलेला असला तरी एकाला पंधरा सेकंद धरा. नुसत्या दाबण्याचेच 6 तास 40 मिनिटं होतात. खड्ड्यातलं पाणी उपसणं, आवरण सोलणं, जोड्या वेगळ्या करणं, शेवटी बाही चढवून ती चारी बाजूंनी सारखी तापवून आवळणं, हे सगळं त्यावर.

जोड्या ओळखायच्या त्या रंगांवरून. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच एका तारेचे आणि निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हे पाच तिच्या जोडीदारणीचे. पाच गुणिले पाच, पंचवीस जोड्या. पहिली पांढरी-निळी, तेरावी काळी-हिरवी, पंचविसावी जांभळी-राखाडी. पंचवीस-पंचवीस जोड्यांचे गठ्ठे रंगीत फितीने बांधलेले असतात. ती फीत सोलताना कापून टाकली की गठ्ठा कुठला हे समजायला मार्ग राहत नाही, म्हणून जाणता जॉइंटर फीत सोडवून गठ्ठ्याच्या मुळाशी गुंडाळून ठेवतो. रात्री रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली हे रंग एकमेकांत मिसळून जातात. पांढरा आणि पिवळा सारखे दिसतात, निळा-जांभळा-राखाडी तर विचारूच नका. म्हणून पांढऱ्या उजेडाची विजेरी ही या माणसाची पहिली गरज, पक्कड त्याच्यानंतर.

आणि हे काम चुकतं कसं, ते पाहा. एका जोडीतली एक तार चुकून शेजारच्या जोडीतल्या तारेबरोबर गेली, आणि दुसऱ्या टोकाला तसाच अदलाबदल होऊन पुन्हा जागेवर आली. याला स्प्लिट पेअर म्हणतात. मीटर लावला तर तार अखंड दाखवतो. शॉर्ट नाही, तार जमिनीला टेकलेली (‘अर्थ’) नाही. फोन उचलला तर टोनही येतो. सगळं ठीक वाटतं, आणि तरी त्या फोनवर शेजारच्या फोनमधलं बोलणं पुसट ऐकू येत राहतं. त्याच लाइनवर ब्रॉडबँड असेल तर ते सतत तुटतं. कारण दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतात त्या याचसाठी, की बाहेरून आलेला गोंगाट दोघींवर सारखा पडावा आणि टोकाला वजा होऊन जावा. पीळ एकीशी आणि संसार दुसरीशी असं झालं की ती वजाबाकी होत नाही. हा दोष फक्त मीटरवर विसंबणाऱ्याला सापडत नाही. तो सापडतो कान लावून ऐकणाऱ्याला, आणि तो होऊच देत नाही तो माणूस दोन तारा हातात घेतल्यापासून दाबेपर्यंत त्यांचा पीळ सुटू न देणारा. कर्तव्यदक्ष असणं ते हेच, बोटांच्या चिमटीत धरलेलं. शोकसंदेशात याची एक ओळ आली तर ती दुसऱ्या कुणाला लावता येणार नाही.

खांबावर चढणाऱ्या लाइनमनचं पाहा. एक्स्चेंजमधून येणारा दाब 48 व्होल्टचा, दोन-दोन व्होल्टच्या चोवीस सेलचा. कोरड्या हाताला तो फारसा जाणवत नाही. पण नेमका त्याच क्षणी कुणी त्या क्रमांकावर फोन लावला, तर तारेवर घंटेचा प्रवाह येतो, 75 ते 90 व्होल्ट, सेकंदाला 20 किंवा 25 वेळा उलटसुलट होणारा. घामेजल्या बोटांना त्याचा झटका बसतो. झटक्याने माणूस सहसा मरत नाही. दचकून हात सुटला तर शिडीवरून पडून मरू शकतो. एक हात मोकळा ठेवायची आणि पट्टा आधी बांधून मगच तारेला हात घालायची सवय इथून येते. ती सवय पाळत तो रोज घरी परत आला. घरच्यांनी रोजचं परत येणं गृहीत धरलं, आणि ते धरता आलं याचं श्रेय त्या पट्ट्याला आणि त्या सवयीला आहे.

मॅनहोल त्याहून वाईट. झाकण उघडलं की उतरायचं नसतं. आधी दोरीने मीटर सोडून वर, मध्ये आणि तळाशी हवा तपासायची. नेहमीच्या हवेत प्राणवायू 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला तर पाऊल टाकायचं नाही. गटाराजवळच्या मॅनहोलमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाला बसतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. म्हणजे कुजका वास थांबला याचा अर्थ धोका गेला असा नाही, कदाचित उलटा. एक माणूस कायम वर थांबलाच पाहिजे. खालचा कोसळला तर वरच्याने भावनेच्या भरात उडी मारायची नाही, कारण वाचवायला उतरलेलाही तिथेच आडवा होतो. सहकाऱ्याला खाली पडलेलं पाहून न उतरणं आणि मदत बोलावणं, हे माणसाला शिकवणं फार अवघड आहे. ज्यांनी हे पाळलं त्यांच्या संयमाबद्दल कुठल्याच स्मरणिकेत लिहिलेलं नसतं.

आता ‘कुटुंबवत्सल’ या शब्दाकडे. या धंद्याची घडणच अशी, की जाळ्यावर सगळ्यात जास्त ताण येतो तो इतरांची कुटुंबं एकमेकांशी बोलत असतात तेव्हा. सणाचा दिवस, वर्ष बदलतं ती मध्यरात्र, वादळानंतरची पहिली सकाळ. सगळे घरी फोन लावतात तेव्हा ज्याने तो लागू द्यायचा तो माणूस स्वतःच्या घरी नसतो. वीज गेल्यावरही तांब्यावरचा फोन चालू राहायचा, तो एक्स्चेंजच्या बॅटरीवर. पण त्या बॅटरीचं पाणी, तिचे सांधे, जनरेटरचं डिझेल कुणीतरी आधीच पाहिलेलं असतं आणि त्या रात्रीही पाहत असतं. म्हणून या कामगाराबद्दल कुणी ‘कुटुंबवत्सल होता’ असं म्हणतं, तेव्हा खरं काय घडलं असेल हे जरा मांडून पाहावं. मुलांच्या वाढदिवसाचा दिवस बदलून घेतलेला असतो. रजेची अदलाबदल आठ महिने आधी सहकाऱ्याशी ठरवलेली असते. रात्री तीनला जॉइंट आवळून आल्यावर अंगातला मेणाचा, जेलचा वास जाईपर्यंत अंघोळ करून, दोन तास झोपून, मुलांना शाळेत सोडलेलं असतं. ती वत्सलता फावल्या वेळातली नसते. ड्यूटीच्या तक्त्याशी भांडून मिळवलेली असते. आणि तिचा दुसरा अर्धा भाग घरातल्या बाईने उचललेला असतो, जिचं नाव शोकसंदेशात ‘मागे पत्नी’ एवढ्यापुरतं येतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ‘त्यांनी अहोरात्र सेवा केली’ हे वाक्य संस्थांना फार आवडतं. अहोरात्र सेवा जाळ्याने द्यायची असते, एका माणसाने नाही. वर काढलेले 6 तास 40 मिनिटं दोन जॉइंटर असतील तर 3 तास 20 मिनिटांवर येतात. दुसरा माणूस नेमलेला नव्हता म्हणून पहिला पहाटेपर्यंत खड्ड्यात बसला, आणि त्या कमतरतेला आपण त्याचा त्याग म्हणून हार घालतो. माणसाचा गौरव जरूर करावा. पण त्याच ओळीत त्या रात्री तो एकटा का होता, हेही लिहावं.

या क्षेत्रात नावं कशी टिकतात आणि कशी गळतात, याचं एक चित्र इतिहासात आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतला आग्नेर क्रारुप एरलांग हा गणिती. किती ग्राहकांना किती लाइन पुरतील, याचं शास्त्र त्याने 1909 पासून पुढच्या काही वर्षांत उभं केलं. 1929 मध्ये तो गेला, आणि 1946 मध्ये संभाषणांच्या भाराच्या एककाला त्याचं नाव दिलं गेलं: एक लाइन पूर्ण तासभर व्यापलेली असली तर भार एक एरलांग. आजही मोबाइल जाळ्यांचा हिशेब करणारे इंजिनियर हे नाव उच्चारतात. हाच एरलांग भटक्या विद्युतप्रवाहांची मोजमापं करायला स्वतः मॅनहोलमध्ये उतरायचा, आणि कोपनहेगनच्या रस्त्यांवर तो शिडी घेतलेल्या कामगारासोबत चालताना लोकांच्या ओळखीचा झाला होता, असं त्याच्या चरित्रात नोंदलेलं आहे. एरलांग आपल्याला माहीत आहे. शिडी धरणारा माहीत नाही. एरलांगचा मान कमी करण्याचा इथे प्रश्नच नाही. तो होताच तेवढा मोठा. पण ती शिडी कुणी धरली याची साधी नोंद ठेवायला त्या काळीही कागद पुरेसा होता.

आज हा प्रश्न जास्त निकडीचा आहे, कारण तांब्याचं जाळंच आवरायला घेतलं आहे. ब्रिटनमध्ये जुनी टेलिफोन सेवा जानेवारी 2027 अखेर बंद करायचं ठरलं आहे. फ्रान्समध्ये तांब्याचं जाळं 2030 पर्यंत बंद करण्याचा बेत आहे. जाळं गेलं की वह्या जातात. केबल डायरी, फॉल्ट रजिस्टर, हाताने काढलेले मार्गाचे नकाशे, सगळं रद्दीत. त्यात काय असतं? नकाशावर दोन मॅनहोलमधलं अंतर 200 मीटर असतं, पण डायरीत पेन्सिलीने लिहिलेलं असतं की एका मॅनहोलात दहा मीटर केबल गुंडाळून ठेवली आहे. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेच्या जोडीचा रोध 20 अंशांना दर किलोमीटरला सुमारे 176 ओहम असतो, त्यावरून शॉर्ट कुठे झाला याचं अंतर काढतात. पण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्यांनी वाढतो. खांबावरची केबल उन्हात 40 अंशांवर तापली असेल आणि कोष्टक 20 अंशांचं वापरलं, तर एक किलोमीटरवरचा दोष साधारण 80 मीटर पुढे दिसतो. अनुभवी माणूस ही वजावट मनातच करतो. गुंडाळलेल्या दहा मीटरांचीही करतो. त्याने ती कधी कुठे लिहिली नसेल, तर ती त्याच्याबरोबर जाते.

यावर आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. घरचे म्हणतील, आम्हाला आमचा माणूस आठवायचा आहे, तुमची केबल नाही. दुःखाच्या दिवशी जोड्यांचे रंग कोण मोजत बसणार? बरोबर आहे. त्या दिवशी कुणीच मोजू नयेत. म्हणूनच हे काम माणूस असताना करायचं असतं. आणि माणूस वेगळा, केबल वेगळी, असं मानणं मला पटत नाही. घरातली प्रत्येक वायर तो पिळून, वळण सैल ठेवून का गुंडाळायचा, पावसाची पहिली सर आली की त्याचं लक्ष घड्याळाकडे का जायचं, मुलाने फोन आपटला की इतका का रागवायचा, या घरातल्याच आठवणी आहेत. त्यांचं उत्तर मात्र कामात आहे. कागदाचं वेष्टण असलेल्या जुन्या केबलमध्ये पाणी शिरलं की कागद ते टिपकागदासारखं ओढत नेतो आणि काही तासांत शेकडो फोन बंद पडतात. हे ज्याला माहीत आहे त्याला पावसाचा आवाज वेगळा ऐकू येतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. जाळ्याचे मार्ग जगजाहीर करता येत नाहीत, ग्राहकांची नावं तर मुळीच नाहीत. मान्य. वह्या जपताना ग्राहकांची नावं आणि क्रमांक झाकावेत, चालू मार्गांचे नकाशे ठरावीक काळ बंद ठेवावेत. पण पीळ कसा सांभाळायचा, मॅनहोलची हवा कशी तपासायची, जॉइंट कुणी केला, यात गुपित काही नाही. गुप्ततेचं कारण पुढे करून माणसांची नावं पुसणं योग्य नाही.

मग करायचं काय? निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या महिन्यात, कामाच्या वेळेत, पगारी, दोन दिवस फक्त बोलण्यासाठी राखून ठेवावेत. प्रश्न ‘तुमचा अनुभव सांगा’ असा नसावा. त्यावर माणूस भाषण करतो. हातात वस्तू द्यावी. केबलचा हातभर तुकडा, पक्कड, जुना टेस्ट फोन. आणि विचारावं, पहिल्यांदा काय करता? मग? इथे नवखा काय चुकतो? तुम्हाला ते कसं कळलं? हात बोलायला लागले की तोंडही बोलतं. कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातांवर हवा. वीस-वीस मिनिटांचे तुकडे करावेत, फाइलच्या नावात तारीख आणि विषय लिहावा, आणि प्रत दोन वेगळ्या जागी ठेवावी. पहिल्या दिवशीचं ऐकून दुसऱ्या दिवशीचे प्रश्न काढावेत. सगळ्यात मोलाचं बहुधा दुसऱ्या दिवशीच सापडतं.

माणूस गेलेलाच असेल, तर घरी उरलेली पिशवी लगेच रिकामी करू नये. आधी आहे तशी फोटोत घ्यावी. कुठलं हत्यार कुठल्या कप्प्यात होतं, यावरून काय सारखं लागायचं ते सहकारी ओळखतात. टेस्ट फोनमधले सेल काढून टाकावेत, नाहीतर ते गळून आतले संपर्क खातात. शिशाच्या आवरणाचे तुकडे असतील तर हाताळल्यावर हात धुवावेत आणि ते मुलांपासून दूर ठेवावेत. वह्यांना लॅमिनेशन करू नये. पेन्सिलीने लिहिलेलं कागदावर बराच काळ टिकतं, प्लास्टिकात बंद केलेला कागद मात्र पुन्हा सोडवता येत नाही. आणि त्याच्याबरोबर काम केलेल्या दोघांना बोलावून त्या वह्या समोर ठेवून विचारावं. घरच्यांना ज्या खुणा अगम्य वाटतात, त्या सहकारी सरळ वाचून दाखवतात.

सगळ्यात मोठी अडचण मात्र कायम नोकरीतल्या माणसांची नाही. त्यांचं निदान सेवापुस्तक तरी असतं. आज ऑप्टिकल फायबर जोडणारा बहुतेक वेळा कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे असतो. त्याचं नाव जाळ्याच्या मालकाच्या कुठल्याच नोंदीत नसतं. काम मात्र तितकंच नाजूक. 125 मायक्रोमीटर जाडीची काचेची तार, तिच्या मधोमध सुमारे 9 मायक्रोमीटरचा गाभा. वेष्टण सोलायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, टोक एक अंशाहूनही कमी तिरपं राहील असं छाटायचं, यंत्रात ठेवून विजेच्या ठिणगीने सांधायचं. संरक्षक बाही सांधण्याच्या आधी तारेवर सरकवायची विसरली, तर सांधा कितीही सुंदर झाला तरी तोडून पहिल्यापासून सुरुवात. तारांचे रंग क्रमाने निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, आणि पुढे गुलाबी आणि फिका निळसर. पहिले दहा ओळखीचे वाटतील. तांब्याच्या जॉइंटरने खड्ड्यात पाठ केलेले दोन्ही पाचांचे रंग इथे त्याच अनुक्रमाने उतरले आहेत, फक्त दोन पंचकांची जागा बदलली आहे. एक पिढी दुसरीच्या हातात काय ठेवून गेली, ते काचेच्या तारेवर रंगवलेलं आहे.

या नव्या जोडणाऱ्यांची नावं नोंदीत येण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक सांध्याच्या मोजणीची फाइल यंत्र आपोआप बनवतं. तिच्यात काम करणाऱ्याच्या नावाचा रकाना भरणं कंत्राटाची अट करता येते, आणि तो रिकामा असेल तर बिल मंजूर करायचं नाही. नोंदीत कंत्राटदाराचं नाव चालणार नाही, माणसाचंच हवं. अपघाताच्या नोंदीलाही हाच नियम. ‘कंत्राटी कामगार एक’ अशी नोंद कुणाच्या मुलांना वाचायला देता येत नाही.

आणि जागेवर करण्यासारखं आणखी एक. क्लोजरचं, म्हणजे सांधे ज्यात ठेवतात त्या पेटीचं, झाकण बंद करण्यापूर्वी आतल्या बाजूला तारीख आणि पूर्ण नाव लिहायचं. अर्धा मिनिट लागतो. शाई मात्र अल्कोहोलने न पुसली जाणारी निवडावी, कारण पुढे कधीतरी हे झाकण उघडणाऱ्याच्या हातात तोच ओला बोळा असणार.